फाइल, तुझे नाव काय?

पीएचपी शिकायला बसलेल्या मुलाला पहिल्या पंधरवड्यातच एक प्रश्न पडतो. आत्ता जी फाइल चालू आहे, तिचे नाव त्याच पानावर कसे दाखवायचे? प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरही एकाच ओळीचे. पण ती ओळ चार-पाच प्रकारे लिहिता येते आणि प्रत्येक प्रकार थोडे वेगळे उत्तर देतो. त्यांतला सर्वांत लोकप्रिय प्रकार बेफिकिरीने वापरला, तर आपल्या पानावर पासवर्ड भरणाऱ्या मुलाचा पासवर्ड परक्याच्या हाती पडू शकतो. एवढ्याशा ओळीसाठी दोन पाने खर्च करण्याचे कारण तेच.

आधी थोडी ओळख. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ या तरुणाने १९९४ साली आपला बायोडेटा इंटरनेटवर किती जण पाहतात हे मोजण्यासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले. ८ जून १९९५ रोजी त्याने ते सर्वांसाठी खुले केले. त्यांनाच पुढे पीएचपी म्हणू लागले. आपल्या बंगळुरूत २००७ साली सुरू झालेले फ्लिपकार्ट आरंभी पीएचपीवरच चालत असे. आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमक्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आजही ज्या मीडियाविकी या प्रणालीवर उभा आहे, ती पीएचपीतच लिहिलेली आहे. त्याच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

पीएचपी सर्व्हरवर चालते, ब्राउझरमध्ये नाही, हे डोक्यात पक्के असू द्या. ब्राउझर एक पत्ता मागतो. सर्व्हर त्या पत्त्याची फाइल शोधतो, पीएचपी ती वरून खाली वाचून काम करते आणि तयार झालेले पान तेवढे ब्राउझरकडे पाठवते. स्वयंपाकघरात काय चालले आहे ते मेसमध्ये बसलेल्याला दिसत नाही, ताट तेवढे समोर येते. त्यामुळे फाइलचे नाव पानावर दिसावे असे वाटत असेल, तर ते आतूनच वाढावे लागते.

आता लिपीबद्दल. हे पान देवनागरीचे, आणि पीएचपीचे शब्द रोमन. म्हणून वायरलेसवर सिग्नलचा जवान जसा संदेश अक्षर-चिन्हासकट सांगतो आणि पलीकडचा लिहून घेतो, तसे आपण करू. मी सांगतो, तुम्ही वहीत रोमन लिपीत लिहून घ्या. स्पेलिंगे इंग्रजीच्या पुस्तकातलीच आहेत. उदाहरणातल्या फाइलींची नावे मी मराठीत देतो, पण प्रत्यक्षात तीही रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत ठेवा. त्याचे कारण पुढे येईल. गंमत म्हणजे, पीएचपीत व्हेरिएबलचे नाव मात्र खरोखर देवनागरीत चालते. डॉलरच्या चिन्हापुढे ‘गुण’ असे लिहिले तर पीएचपी मुळीच कुरकुर करत नाही.

समजा, आंतर-हाउस स्पर्धांसाठी आपण एक छोटे संकेतस्थळ केले. ‘संघ’ नावाच्या फोल्डरात चार फाइली आहेत : मुख्य, गुण, वाचनालय आणि प्रवेश. प्रत्येकीच्या नावाला शेवटी टिंब देऊन पीएचपी जोडले आहे. चारही पानांवर वरती तोच मेनू हवा, म्हणून तो ‘शीर्ष’ नावाच्या पाचव्या फाइलीत लिहिला आणि बाकीच्या चौघींनी तो इन्क्लूड केला. जे पान उघडे आहे त्याचे नाव मेनूत ठळक दिसावे, एवढीच इच्छा. पण शीर्षला कसे कळणार, की आपल्याला आज कोणी बोलावले आहे?

प्रत्येक फाइलीत हाताने नाव लिहून ठेवले तर? चालेल, पण चार दिवसच. गुणची फाइल कॉपी करून कोणी तरी ‘पारितोषिके’ ही नवी फाइल करेल, आतले नाव बदलायला विसरेल, आणि पारितोषिकांच्या पानावर मेनूत गुण ठळक दिसत राहतील. दुसऱ्याचा शर्ट घालून परेडला उभे राहिल्यासारखेच ते. छातीवरची पट्टी एक नाव सांगते आणि माणूस भलताच असतो. म्हणून नाव फाइलीलाच विचारायचे.

पहिला प्रकार, जो जवळजवळ प्रत्येक पुस्तकात सापडतो, तो असा लिहून घ्या. आधी एको हा शब्द. मग जागा सोडून डॉलर, अंडरस्कोर, आणि कॅपिटल अक्षरांत सर्व्हर. मग चौकोनी कंस सुरू, एकेरी अवतरण, कॅपिटलमध्येच पीएचपी, अंडरस्कोर, सेल्फ. अवतरण बंद, कंस बंद, अर्धविराम. एको म्हणजे ‘पानावर लिही’. डॉलर-अंडरस्कोर-सर्व्हर ही पीएचपीने स्वतः भरून ठेवलेली एक मोठी यादी आहे. तिच्यात मागणीचा पत्ता, सर्व्हरचे नाव, वेळ अशा पुष्कळ नोंदी असतात, आणि ‘पीएचपी सेल्फ’ ही त्यांतली एक. ही ओळ गुणच्या फाइलीत टाकली तर पानावर दिसेल : /संघ/गुण.पीएचपी.

ही यादी या रूपात २००१ साली, पीएचपीच्या ४.१ या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या पुस्तकांत नुसते डॉलर आणि पीएचपी-सेल्फ एवढेच लिहिलेले असते. ग्रंथालयातले एखादे जुने पुस्तक पाहून तसे लिहिले तर आज काहीच छापले जात नाही. ती जुनी सोय २०१२ च्या ५.४ या आवृत्तीतून पुरती काढून टाकली आहे. दोष तुमच्या टंकनाचा नाही, पुस्तकाच्या वयाचा आहे.

फोल्डर नको, नुसते फाइलचे नाव हवे असेल तर बेसनेम नावाचे फंक्शन आहे. त्याच्या गोल कंसात लांबलचक मार्ग द्या, ते शेवटच्या तिरप्या रेघेनंतरचा भाग परत देते. त्याच कंसात स्वल्पविराम देऊन, अवतरणात टिंब-पीएचपी लिहिले, तर शेपूटही कापले जाते आणि हातात नुसते ‘गुण’ राहते. मेनूसाठी हेच हवे.

इथवर सगळे सरळ आहे. आता गुंता सुरू होतो.

दुसरा प्रकार दिसायला सोपा. दोन अंडरस्कोर, कॅपिटल अक्षरांत फाइल, पुन्हा दोन अंडरस्कोर. डॉलर नाही, कंस नाही. हा पीएचपीचा स्वतःचा शब्द आहे आणि ज्या फाइलीत तो लिहिलेला असतो तिचाच पूर्ण मार्ग तो सांगतो. ‘ज्या फाइलीत लिहिलेला असतो’ हे शब्द अधोरेखित करा. शीर्षच्या फाइलीत हा शब्द लिहून मेनू करायला गेलात, तर चारही पानांवर उत्तर एकच येईल : शीर्ष. कारण ओळ तिथेच लिहिलेली आहे.

सकाळच्या फॉल-इनमधला आदेश आठवा. आदेश प्राचार्यांच्या नावाने निघतो, वाचून दाखवतो ड्यूटी कॅडेट. ‘आवाज कोणाचा?’ असे विचारले तर उत्तर ड्यूटी कॅडेट, आणि ‘आदेश कोणाचा?’ असे विचारले तर उत्तर प्राचार्य. दोन अंडरस्कोरवाला फाइल हा शब्द आवाज कोणाचा ते सांगतो. सर्व्हरच्या यादीतली नोंद मूळ बोलावणे कोणाला होते ते सांगते. मेनूला बोलावणे कोणाला होते हे हवे असते. बिघाड शोधताना मात्र आवाज कोणाचा हे हवे असते, कारण चूक जिथे लिहिली आहे तिथेच दुरुस्त करायची असते. बिघाडाच्या नोंदीत या शब्दाच्या जोडीला त्याचा भाऊ, दोन अंडरस्कोरांमधला लाइन, वापरतात. तो ओळीचा क्रमांक देतो. तिसरा भाऊ डिर, फाइल ज्या फोल्डरात आहे ते सांगतो. शीर्ष इन्क्लूड करताना त्याचा मार्ग डिरपासून लिहिला, तर पान कुठूनही उघडले तरी शीर्ष सापडतेच. नवशिक्यांचे कितीतरी तास ही एक सवय वाचवते.

पण या शब्दाचे उत्तर पानावर छापू नका. तो पूर्ण मार्ग देतो : सर्व्हरच्या मुळापासून, वापरकर्त्याच्या खात्याच्या नावासकट, एकेक फोल्डर मोजत. त्यावरून बाहेरच्या माणसाला खात्याचे नाव कळते, सर्व्हर लिनक्सचा की विंडोजचा ते कळते, फाइलींची मांडणी कळते. आपल्यापैकी अनेकांचे वडील फील्ड एरियात असताना त्यांना पत्र टाकताना आपण गावाचे नाव लिहीत नाही. नंबर, नाव, युनिट आणि पुढे ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. पत्र पोचते, पण पाकीट पाहणाऱ्याला युनिट कुठे आहे हे कळत नाही. संकेतस्थळावर येणाऱ्याला /संघ/गुण एवढा पत्ता त्याच रीतीने पुरतो. त्यापलीकडची माहिती लॉगच्या फाइलीत लिहावी, जी आपणच वाचतो.

आता त्या लोकप्रिय प्रकाराकडे, म्हणजे पीएचपी-सेल्फकडे, परत येऊ. धोका तिथेच आहे. नावावरून असे वाटते की ही नोंद पीएचपीने स्वतः तपासून भरलेली, म्हणजे भरवशाची. तसे नाही. तिचा काही भाग पाहुण्याने टाइप केलेल्या पत्त्यातून येतो. ब्राउझरमध्ये गुण.पीएचपीच्या पुढे तिरपी रेघ देऊन ‘अबक’ असे काहीही लिहा आणि एंटर दाबा. अपाचे सर्व्हरवर सहसा गुणचेच पान उघडते, कारण सर्व्हरला खरी फाइल सापडली आणि उरलेला भाग त्याने ‘जादा माहिती’ म्हणून पुढे ढकलला. पण पीएचपी-सेल्फ आता सांगेल : /संघ/गुण.पीएचपी/अबक. आणि त्यावर बेसनेम चालवले तर फाइलचे नाव म्हणून ‘अबक’ मिळेल! मेनू बिघडला, एवढेच झाले असते तर हसून सोडून दिले असते.

पण प्रवेशच्या पानाचा विचार करा. तिथे नाव आणि पासवर्डचा फॉर्म आहे. फॉर्म भरल्यावर तो त्याच फाइलीकडे परत यावा म्हणून फॉर्मच्या ॲक्शनमध्ये पीएचपी-सेल्फ छापण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. आता कोणी ‘अबक’ऐवजी दुहेरी अवतरणाचे चिन्ह, टॅग बंद करणारे चिन्ह आणि त्यापुढे स्क्रिप्टचा टॅग असलेला पत्ता रचला. तो आपल्या पानावर जसाच्या तसा छापला गेला की ॲक्शन तिथेच संपते आणि पुढचा मजकूर ब्राउझरला आज्ञा वाटतो. ती आज्ञा फॉर्मचा पत्ता गुपचूप बदलू शकते. मग ‘हाउसचे गुण पाहा’ असा मेसेज आणि ती लिंक कोणा कनिष्ठ कॅडेटला पाठवली, की झाले. लिंकच्या सुरुवातीला शाळेच्या सर्व्हरचेच नाव आहे, पान शाळेचेच उघडते, रंग तेच, बोधचिन्ह तेच. तो पासवर्ड भरतो आणि तो तिसरीकडे जातो. त्या मुलाने काहीही चुकीचे केलेले नसते. दरवाजा पान लिहिणाऱ्याने उघडा ठेवलेला असतो. पुष्कळ जण एकच पासवर्ड ईमेललाही वापरतात, म्हणजे नुकसान हाउसच्या गुणांपुरते राहत नाही.

यावर उपाय तीन आहेत. मला पटणारा सर्वांत सोपा : ॲक्शन लिहूच नका. फॉर्मला ॲक्शन दिली नाही तर ब्राउझर तो आहे त्याच पत्त्यावर परत पाठवतो. ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप चालत आला, ते काम न लिहिल्यानेच होते. दुसरा उपाय : पानावर जे जे बाहेरून आलेले छापाल ते एचटीएमएल-स्पेशल-चार्स या फंक्शनमधून घालवा. हे तिन्ही शब्द लिहिताना सलग, लहान अक्षरांत. ते अवतरण, लहान-मोठेपणाची चिन्हे वगैरेंना निरुपद्रवी रूप देते. मग ती पानावर दिसतात, पण आज्ञा बनत नाहीत. पहिला उपाय केला तरी हा करायचाच, कारण पत्त्याखेरीजही बाहेरून पुष्कळ काही येते.

तिसरा उपाय म्हणजे नोंदच बदलणे. त्याच यादीत स्क्रिप्ट, अंडरस्कोर, नेम अशी एक नोंद आहे. पाहुण्याने शेवटी अबक लावो की कखग, ती /संघ/गुण.पीएचपी एवढेच सांगते. बेसनेम हिच्यावर चालवा. मेनूसाठी हीच योग्य, आणि कोणी मला ‘एकच सांगा’ म्हटले तर मी हीच सांगेन. तिची बहीण स्क्रिप्ट, अंडरस्कोर, फाइलनेम ही पूर्ण मार्ग देते. ५६ एपीओचा नियम तिलाही लागू.

आता लहान अक्षरांचे कारण. सरावाच्या संगणकावर बहुधा विंडोज असते आणि खरा सर्व्हर बहुधा लिनक्सचा. विंडोजला कॅपिटल आणि लहान अक्षर सारखेच, त्यामुळे पाहुण्याने पत्त्यात नाव कॅपिटलमध्ये लिहिले तरी पान उघडते. पण स्क्रिप्ट-नेम नाव टाइप केले तसेच कॅपिटलमध्ये सांगते, आणि मेनूतली तुलना फसते. लिनक्सवर तर पानच उघडत नाही. फाइलींची नावे लहान अक्षरांत ठेवा आणि तुलना करण्याआधी एसटीआर-टू-लोअर या फंक्शनने मिळालेले नावही लहान करून घ्या. त्यातला ‘टू’ अंकाने नव्हे, अक्षरांनी लिहायचा. आणि फाइलला मराठी नाव देण्याचा मोह होईल, मलाही होतो, पण बेसनेम सर्व्हरची लोकेल ही भाषेची मांडणी पाहून चालते. ती बरोबर नसेल तर देवनागरी नाव भलतीकडेच तुटू शकते. व्हेरिएबल मराठीत, फाइल रोमनमध्ये, असा तह करून टाका.

आता मराठी विकिपीडिया. तिथे एखाद्या लेखाच्या ‘संपादन’वर टिचकी मारा आणि पत्त्याकडे पाहा. मध्येच इंडेक्स.पीएचपी दिसेल, पुढे प्रश्नचिन्ह, आणि मग शीर्षक म्हणून लेखाचे नाव. लेख शिवनेरीवरचा असो की बंगळुरूवरचा, चालते तीच एक इंडेक्सची फाइल. तिथे स्क्रिप्ट-नेम विचारले तर हजारो लेखांवर उत्तर एकच. मोठी संकेतस्थळे अशीच बांधतात. सगळ्यांना एकाच गेटमधून आत घ्यायचे आणि कोणत्या खोलीत जायचे ते चिठ्ठीवर पाहायचे. अशा ठिकाणी पान ओळखायला फाइलचे नाव उपयोगाचे नाही, पाहुण्याने नेमके काय मागितले ते पाहावे लागते. ते रिक्वेस्ट, अंडरस्कोर, यूआरआय या नोंदीत असते, प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरासकट. तिथे देवनागरी मजकूर बहुधा टक्क्याच्या खुणांनी भरलेला दिसेल. घाबरू नका. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणून एकेका अक्षराला टक्क्याच्या तीन जोड्या आणि मात्रेला आणखी तीन. यूआरएल-डीकोड हे फंक्शन त्याचे पुन्हा मराठी करून देते.

हे सारे वाचून पटत नाही, करूनच पटते. झॅम्प हे मोफत सॉफ्टवेअर ज्या संगणकावर आहे त्यावर एचटीडॉक्स या फोल्डरात ‘संघ’ करा. शीर्षच्या फाइलीत चार ओळी लिहा : पीएचपी-सेल्फ, स्क्रिप्ट-नेम, रिक्वेस्ट-यूआरआय आणि दोन अंडरस्कोरवाला फाइल. चौघांची उत्तरे एचटीएमएल-स्पेशल-चार्समधून घालवून छापा आणि प्रत्येकापुढे ओळ तोडा. मग गुणच्या फाइलीत शीर्ष इन्क्लूड करा. आधी साधा पत्ता उघडा. पहिली तीन उत्तरे सारखी येतील, चौथे शीर्षकडे बोट दाखवेल. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन महिना बरोबर ऑगस्ट असे लिहा. फक्त तिसरे बदलेल. मग प्रश्नचिन्ह पुसून तिरपी रेघ आणि अबक. पहिले आणि तिसरे बदलेल, दुसरे जागचे हलणार नाही. मग मुख्यच्या फाइलीतून गुण इन्क्लूड करा आणि मुख्य उघडा. गुण पडद्यावर असूनही पहिली तीन उत्तरे मुख्यचेच नाव घेतील. शेवटी ब्राउझर बंद करून गुणची फाइल कमांडच्या काळ्या खिडकीतून थेट पीएचपीला चालवायला सांगा. स्क्रिप्ट-नेमच्या जागी तुम्ही टाइप केलेले नाव येईल, आणि रिक्वेस्ट-यूआरआयच्या जागी, पीएचपी ८ असेल तर, अशी नोंदच नाही म्हणून तक्रार येईल. तिथे ब्राउझर नव्हता, त्यामुळे मागणी करणारा पत्ताही नव्हता.